बँटम कोंबड्या: स्वभाव ओळखावा कसा आणि निगा राखावी कशी

प्रश्न असा आहे: “मोठ्या कोंबड्या आम्ही काही वर्षं सांभाळल्या आहेत. आता बँटम, म्हणजे लहान आकाराच्या कोंबड्या, आणायचं मनात आहे. जागा लहान आहे, घरात मुलं आहेत. बँटमना फार स्वभाव असतो असं ऐकतो, ते कितपत खरं? कोणत्या जातीपासून सुरुवात करावी आणि मोठ्या कोंबड्यांपेक्षा यांचं वेगळं काय बघावं लागतं?”

ऐकलंय ते खरं आहे. स्वभाव तसा प्रत्येक कोंबडीला असतो, पिंजऱ्यात अंडी देणाऱ्या कोंबडीलाही, पण तिथे तो दिसायला वाव नसतो. अंड्यांसाठी पैदास केलेल्या जातींमधून खुडूक बसण्याची, म्हणजे अंडी उबवायला बसून राहण्याची, सवय पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळजवळ घालवलेली आहे. त्यांच्यासोबत कोंबडा नसतो आणि अंडी घटली की त्यांना काढून टाकतात. बँटमचं तसं नाही. त्या खुडूक बसतात, पिल्लं वाढवतात, कोंबड्याच्या सोबतीनं राहतात. अंड्यांचा हिशेब कुणी मांडत नसल्यामुळे नीट सांभाळलेली बँटम सहा-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त डोळ्यांसमोर असते. भांडणं, मैत्री, आईपण, म्हातारपण हे सगळं एकाच अंगणात बघायला मिळतं, म्हणून स्वभाव कळतो.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं बरंचसं तिच्यावर उभं आहे. स्वभाव ओळखणं ही बँटम पाळण्यातली फावल्या वेळेची करमणूक नाही. यांची निगाच त्याच्यावर चालते. कोणती कोंबडी आधी बाहेर पडते, कोणती मागे रेंगाळते, कोण कुणाशेजारी झोपते हे ज्याला माहीत असतं, त्याला आजार, उपासमार आणि छळ या तिन्ही गोष्टी वेळेत दिसतात.

आता जाती. सगळ्या बँटम एका प्रकारच्या नसतात. काही जाती म्हणजे मोठ्या जातींची लहान आवृत्ती असते, तर काहींची मोठी आवृत्ती अस्तित्वातच नाही. सेब्राइट, जपानी चाबो, डच, सेरामा या दुसऱ्या प्रकारच्या. वजनं बहुतेकांची अर्धा ते एक किलोच्या आसपास. सेरामा ही मलेशियातली जात सगळ्यांत लहान, बरेचदा अर्ध्या किलोच्याही आत.

घरात मुलं आहेत म्हणताय, तर माझी पहिली पसंती पेकिन. काही देशांत तिलाच कोचीन बँटम म्हणतात. गोल अंग, पायांवर पिसं, संथ चाल. उडण्याची फारशी हौस नाही, कमी उंचीच्या कुंपणातही राहते आणि माणसाचा हात लवकर स्वीकारते. सिल्कीही अशीच शांत. तिच्या पिसांचे तंतू एकमेकांत गुंतत नाहीत, त्यामुळे पिसं लोकरीसारखी मऊ दिसतात, पण त्याच कारणानं पाणी झटकून टाकत नाहीत. सिल्की भिजली की आतपर्यंत भिजते आणि गारठते. तिला उडताही येत नाही, म्हणून खुराड्यात उंच दांडी न ठेवता जमिनीलगत कोरडी बैठक द्यावी.

सेब्राइट दिसायला अप्रतिम. प्रत्येक पिसाला काळी किनार असते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये सर जॉन सेब्राइट यांनी ही जात तयार केली. हिच्या कोंबड्याला कोंबड्यासारखी लांब वळणदार शेपटी नसते, त्याचा पिसारा कोंबडीसारखाच असतो. स्वभावानं चपळ, सावध, जरा अंतर राखून असणारी. पिल्लं निघण्याचं प्रमाण कमी आणि पिल्लं नाजूक, म्हणून पहिल्या वर्षी ही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. डच बँटम हलकी आणि उत्तम उडणारी, उघड्या अंगणात ती झाडावर मुक्काम करेल. ओल्ड इंग्लिश गेम बँटम धीट, माणसाळते छान, पण तिच्या दोन कोंबड्यांना एकत्र ठेवू नये.

चाबो घ्यायची असेल तर एक गोष्ट माहीत हवी. तिचे आखूड पाय ज्या जनुकामुळे येतात, ते आई आणि वडील दोघांकडून मिळालं तर पिल्लू अंड्यातच मरतं. दोन आखूड पायांच्या पक्ष्यांची जोडी लावली की साधारण चौथा हिस्सा अंडी अशी वाया जातात. उबवण्याच्या पद्धतीत काही चुकलं असं वाटून लोक हैराण होतात, पण कारण हे असतं. एक आखूड आणि एक लांब पायांचा अशी जोडी लावली की हे टळतं.

जातीवरून स्वभावाचा फक्त अंदाज येतो. एकाच खेपेच्या अंड्यांतून निघालेल्या, एकाच आईखाली वाढलेल्या बहिणींमध्येही टोकाचा फरक असतो. माझ्याकडे भुरी आणि ठिपकी अशा दोन पेकिन बहिणी आहेत. भुरी हातातल्या दाण्यांसाठी मांडीवर चढते. ठिपकी तेवढ्याच ओळखीची, पण वाटीत टाकलेलाच दाणा खाते, तोही माझी पाठ वळल्यावर. ती घाबरट नाही. मांजर कुंपणाशी आलं तेव्हा मान ताणून ओरडत उभी राहिली ती ठिपकीच. तिला फक्त हात लावलेला आवडत नाही. अशा कोंबडीला पकडून-पकडून माणसाळवण्याचा हट्ट धरू नये.

आणि भित्रेपणाचं कारण कधीकधी अगदी साधं असतं. डोक्यावर मोठा पिसांचा झुबका असलेल्या कोंबड्यांना वरचं आणि बाजूचं धड दिसत नाही. त्या दचकतात, भिंतीला धडकतात आणि मालक म्हणतो, फार बावरट आहे. डोळ्यांवरची पिसं काळजीनं कातरून बघा. बऱ्याचदा आठवडाभरात वेगळीच कोंबडी समोर येते. फक्त वाढीला लागलेली, देठात रक्त असलेली कोवळी पिसं कापू नयेत.

कळपातल्या क्रमाबद्दल जरा सविस्तर सांगतो. कोण कुणाला टोचू शकतं याचा ठरलेला क्रम असतो, हे नॉर्वेच्या थोरलिफ शेल्डेरुप-एब्बे यांनी कोंबड्यांचं निरीक्षण करून १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. या क्रमाला लोक क्रूरपणा समजतात, पण क्रम ठरलेला असला की भांडणं कमी होतात. वरच्या कोंबडीनं नुसती मान वर केली तरी खालची बाजूला होते आणि विषय संपतो. मारामारी होते ती क्रम मोडल्यावर: नवी कोंबडी आली, जुनी गेली, किंवा एखादी खुडूक बसून महिनाभरानं परतली की.

वर कोण राहणार हे आकारावर ठरत नाही. मोठ्या कोंबड्यांच्या कळपात अर्ध्या वजनाची बँटम सगळ्यांना हुकूम सोडताना मी पाहिली आहे. तरीही लहान जागेत दोन्ही आकार एकत्र ठेवू नका. मोठी कोंबडी रागावली तर एका टोचणीत बँटमला जायबंदी करू शकते आणि मोठ्या जातीचा वजनदार कोंबडा बँटम कोंबडीवर चढला तर तिची पाठ फाटते.

खालच्या क्रमाच्या कोंबडीला जगता यावं अशी जागा करणं हे आपलं काम. खुराड्यात प्रत्येकी साधारण दोन चौरस फूट आणि मोकळ्या भागात किमान चार, हा आकडा ठीक आहे, पण जागेची मांडणी त्याहून महत्त्वाची. दाण्याची भांडी दोन ठेवा आणि एकापासून दुसरं दिसणार नाही अशी ठेवा. मध्ये एखादी फळी, झुडूप, उलटं टोपलं असू द्या. टोचणाऱ्या कोंबडीची नजर चुकवता आली की पाठलाग संपतो. कोपरे बंद नसावेत. दोन्हीकडून निसटता येईल असे आडोसे करा. बसायला दोन-तीन सेंटीमीटर जाडीची, कडा गोल केलेली दांडी पुरते, आणि पायांवर पिसं असलेल्या जातींसाठी ती गुडघ्याच्या खालीच असावी, कारण उंचावरून उतरताना त्यांचे तळवे दुखावतात.

जाळीच्या बाबतीत काटकसर नको. साधी षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. उंदीर, मुंगूस, मांजर यांच्यासाठी बारीक चौकोनांची वेल्डेड जाळी लागते, १२ मिलिमीटरची असेल तर उत्तम. बँटमची पिल्लं मोठ्या छिद्रांतून सहज बाहेर पडतात, हेही लक्षात असू द्या. वरूनही जाळी हवी: शिकारी पक्ष्याला बँटम सहज उचलता येते आणि बऱ्याच बँटमना सहज उडता येतं.

नवी कोंबडी आणाल तेव्हा आधी तीन-चार आठवडे अगदी वेगळी ठेवा, रोगाच्या भीतीनं. मग आठवडा-दोन आठवडे मधे जाळी ठेवून शेजारी राहू द्या. एकटी आणू नये, दोघी आणाव्यात, म्हणजे कळपाचा सगळा राग एकीवर निघत नाही.

कोंबडा हवा का? शेजाऱ्यांना चालत असेल तर मी नक्की हो म्हणेन. त्याच्याशिवाय कळप अर्धाच दिसतो. चांगला कोंबडा खाऊ सापडला की ‘टुक टुक टुक’ असा घाईचा आवाज काढतो, दाणा चोचीनं उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि कोंबड्या येऊन खाईपर्यंत थांबतो. तो राखणही खरी करतो. आकाशातल्या शिकाऱ्यासाठी त्याची हाक बारीक आणि लांबलेली असते, जमिनीवरच्या शिकाऱ्यासाठी तुटक आणि वारंवार. पहिली ऐकली की कोंबड्या दबून बसतात किंवा आडोशाला धावतात, दुसरी ऐकली की माना ताणून उभ्या राहतात. कोंबडा डोकं तिरकं करून एका डोळ्यानं आभाळ बघताना दिसला तर तो डोळा कोणता ते पाहा. कोंबड्यांच्या मेंदूत कामाची विभागणी असते: शिकाऱ्यावर नजर ठेवायला डावा डोळा आणि दाणे-खडे वेगळे करायला उजवा डोळा जास्त उपयोगी पडतो.

आरवण्यालाही शिस्त असते. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की कोंबडा नुसत्या उजेडामुळे आरवत नाही, त्याच्या अंगातलं घड्याळ त्याला पहाट होण्याआधीच जागं करतं. २०१५ मध्ये त्यांनी पुढचं मांडलं: पहिली बांग सगळ्यांत वरच्या क्रमाचा कोंबडा देतो आणि बाकीचे आपापल्या क्रमानं मागून. दोन-तीन कोंबडे असलेल्या कुणालाही हे आपल्या अंगणात ताडून बघता येईल.

बँटम कोंबड्याचा तापटपणा मात्र खरा आहे. काही जण बुटावर झडप घालतात. पळू नका आणि लाथ तर मुळीच मारू नका, दोन्हींमुळे त्याच्या दृष्टीनं लढाई सुरू होते. शांत उभं राहायचं, मग सावकाश त्याच्याच दिशेनं दोन पावलं टाकायची आणि आपलं काम करत राहायचं. त्याच्यासमोर कोंबडीला पकडायचं टाळा. मुलांना अशा कोंबड्यासमोर उकिडवं बसू देऊ नका. चेहरा त्याच्या नख्यांच्या उंचीवर येतो. सगळं करूनही जो सुधारत नाही, त्याची पिल्लं काढू नयेत. तापटपणा बराचसा वारशानं येतो.

पिल्लं काढायचं ठरवण्याआधी हेही ठरवून ठेवा: निम्मी पिल्लं कोंबडे निघणार. त्यांचं काय करायचं याचं उत्तर तयार नसेल तर अंडी उबवायला ठेवू नका.

खुडूक कोंबडी हा बँटम पाळण्यातला मला सगळ्यांत प्रिय भाग. पेकिन आणि सिल्की तर वर्षातून अनेकदा बसतात. कोंबडी घरट्यातून उठत नाही, पिसं फुलवून पसरते, हात नेला की गुरगुरते, पोटावरची पिसं उपटून उघडी कातडी अंड्यांना लावते. दिवसातून साधारण एकदाच उठते, खाते, पिते, धुळीत लोळते, एकच मोठी आणि भयंकर वासाची विष्ठा टाकते आणि परतते. एरवी गरीब असलेली कोंबडी या दिवसांत कुणाचं ऐकत नाही. तिला कळपापासून वेगळ्या, अंधाऱ्या, शांत जागी बसवा, नाहीतर बाकीच्या कोंबड्या तिच्याखाली रोज ताजी अंडी घालत राहतात आणि पिल्लं वेगवेगळ्या दिवशी निघतात.

बँटमखाली तिची स्वतःची सात-आठ अंडी मावतात, मोठ्या कोंबडीची चार-पाच. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरून वाढ आहे का ते बघावं. मोठ्या कोंबडीची अंडी २१ दिवसांनी फुटतात, बँटमची बरेचदा एक-दोन दिवस आधी. शेवटच्या दिवसात कान लावला तर अंड्यातून चिवचिव ऐकू येते आणि आई हलक्या घशातल्या आवाजात तिला उत्तर देते. कवच फोडण्याआधीच त्यांची ओळख झालेली असते.

पुढे आई पिल्लांना काय खावं, कशाला भ्यावं हे दाखवत हिंडते. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला: पिल्लांवर हवेचा हलका झोत सोडला, तर बघणाऱ्या आईच्या हृदयाचे ठोके वाढले, ती जास्त सावध झाली आणि पिल्लांना जास्त हाका मारू लागली. अंगणात बघणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, पण मोजून दाखवलं गेलं याचा मला आनंद आहे. साधारण पाच ते आठ आठवड्यांनी तीच आई एके दिवशी पिल्लांना टोचून दूर करते. बघवत नाही, पण मधे पडू नये.

आई नसेल तर ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना दिव्याची ऊब देणाऱ्या पेटीत, पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा: दिव्याखाली गर्दी केली तर थंडी, कडेला पांगून चोची उघडल्या तर उकाडा.

अंडी उबवायची नसतील आणि कोंबडी खुडूक बसली, तर तिला तशीच आठवडेच्या आठवडे बसू देऊ नये, ती वाळत जाते. तळाशी जाळी असलेल्या, जमिनीपासून उचललेल्या पिंजऱ्यात दाणा-पाण्यासह तीन-चार दिवस ठेवा. खालून हवा लागून पोट गार राहतं आणि बसण्याची ओढ उतरते. पाण्यात बुडवणं वगैरे प्रकार करू नयेत.

खाण्याबद्दल थोडक्यात. बँटमला रोज ४० ते ६० ग्रॅम खाद्य पुरतं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी १६ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं तयार खाद्य, शिंपल्यांचा चुरा आणि बारीक खडे वेगळ्या वाटीत. मका, गहू, उरलंसुरलं हे सगळं मिळून दहाव्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका. एवढ्याशा पोटात चार चमचे मका म्हणजे निम्मं जेवण, आणि लठ्ठ बँटम उन्हाळ्यात पटकन दगावते. अंडं मिळतं ते ३०-४० ग्रॅमचं, पण त्यात बलकाचं प्रमाण जास्त. कोरडी माती, वाळू आणि थोडी राख यांचा खड्डा धूळस्नानासाठी बारमाही हवा. पिसांतल्या उवा त्यानं आटोक्यात राहतात. कोंबड्या तिथे क्रम विसरून एकमेकींना टेकून लोळतात. त्या वेळी शेजारी बसलात तर कोण कुणाची मैत्रीण हे लगेच कळतं.

आता आजारपण. कोंबडी आजार लपवते, कारण अशक्त दिसणारी आधी शिकार होते आणि कळपातही टोचली जाते. तुरा फिका पडला, डोळे मिटले, पंख गळले हे दिसेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो. त्याआधीची खूण वागण्यात असते. रोज पहिली बाहेर पडणारी आज तिसरी आली. वरच्या क्रमाची कोंबडी खालचीला वाट देऊ लागली. भुरी मांडीवर चढली पण दाणा नुसताच चोचीत फिरवला. असं दिसलं की त्याच दिवशी तिला हातात घ्या. गळ्याखालची अन्नाची पिशवी पहाटे रिकामी आणि संध्याकाळी भरलेली असायला हवी. छातीचं हाड बोटांना धारदार लागतंय का, गुदद्वाराजवळ पिसांच्या मुळाशी उवा आहेत का, पायांचे खवले उचलले गेलेत का, हे सगळं दोन मिनिटांत होतं. पायांवर पिसं असलेल्या जातींत खवल्यांखालचे कीटक लपून राहतात, तिथे पिसं बाजूला करून बघावं लागतं. लाल गोचिड्या मात्र दिवसा अंगावर सापडत नाहीत. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या फटी तपासा.

वजनकाटा ठेवा आणि दर महिन्याला वजन लिहा. ६०० ग्रॅमच्या कोंबडीचं ५० ग्रॅम वजन घटलं म्हणजे बारावा हिस्सा गेला, पण फुललेल्या पिसांतून ते डोळ्यांना दिसत नाही. औषधाचं प्रमाणही याच वजनावरून पशुवैद्यकाकडून घ्यायचं. मोठ्या कोंबडीसाठी लिहिलेला डोस बँटमला जास्त होतो. मानमोडी आणि देवीच्या लसी तुमच्या भागात केव्हा द्यायच्या हे त्यांनाच विचारा. मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस पिल्लाला पहिल्याच दिवशी द्यावी लागते, आणि सिल्की व सेब्राइट या रोगाला जास्त बळी पडतात. त्यामुळे या जातींची पिल्लं घेताना लस झाली आहे का हा पहिला प्रश्न असू द्या.

तुमच्या घरासाठी मी तीन-चार पेकिन तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, सुचवेन, शक्यतो एकत्र वाढलेल्या. पहिले काही दिवस कुणी पकडू नये. मुलांनी अंगणात जमिनीवर बसायचं, थोडे दाणे समोर टाकायचे आणि हात मांडीवर ठेवायचे. धीट कोंबडी स्वतःहून जवळ येईल, तिच्यामागे दुसरी. उचलायची वेळ आली की वरून झडप घालायची नाही, कोंबडीला तो शिकारी पक्षी वाटतो. बाजूनं, खालून, दोन्ही हातांनी, पंख अंगाशी धरून आणि पायांना आधार देऊन उचलायची. मुलांना प्रत्येक कोंबडीसाठी वहीचं एक पान द्या: कधी उठली, कुणाशेजारी बसली, काय आवडलं, वजन किती. महिन्याभरात एखादी कोंबडी आज वेगळी वागतेय हे तुमच्याआधी मुलंच सांगू लागतील, आणि तेव्हा त्यांचं म्हणणं खरं धरून कोंबडी तपासा.